बे-लीफ : जाळाभोवती बांधलेले घर

वेस्ट ससेक्समध्ये चिचेस्टरहून मिडहर्स्टकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिंगलटन नावाचे खेडे लागते. त्याला लागूनच, चुनखडीच्या टेकड्यांच्या उतारावर, वील्ड अँड डाउनलँड लिव्हिंग म्यूझियम हे खुल्या आवारातले संग्रहालय आहे. आग्नेय इंग्लंडमध्ये पाडल्या जाणार होत्या अशा अनेक जुन्या इमारती सोडवून आणून इथे पुन्हा उभ्या केल्या आहेत आणि आज त्यांची संख्या पन्नासच्या वर आहे. हा अभिप्राय त्यांपैकी मुख्यतः एका शेतकऱ्याच्या घराविषयी, म्हणजे बे-लीफ फार्महाऊसविषयी आहे. शेजारच्या काही घरांचा उल्लेख येईल, पण तो बे-लीफ नीट समजावे म्हणून. सुमारे सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधला सुखवस्तू शेतकरी कसा राहत होता, हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. तो तसा का राहत होता हे लाकडाच्या सांध्यांतून दाखवणारे घर मी एवढेच पाहिले, आणि म्हणून त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

प्रथम घराचा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. बे-लीफ मूळचे केंट परगण्यातल्या चिडिंगस्टोन गावाच्या हद्दीतले. १९६० च्या दशकात तिथे बो बीच जलाशयाचे काम निघाले आणि त्या खोऱ्यातली जुनी घरे पाण्याखाली जाणार हे ठरले. त्याच सुमारास, १९६७ मध्ये, डॉ. जे. आर. आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने या संग्रहालयाची स्थापना झाली होती. पाणीपुरवठा कंपनीने घर संग्रहालयाला देऊन टाकले, १९६८-६९ मध्ये ते सांधा सांधा सोडवून उतरवले गेले आणि १९७२ मध्ये सिंगलटनच्या उतारावर पुन्हा उभे राहिले. लाकडी चौकटीचे घर असल्यामुळेच हे जमले. दगडी भिंत उतरवली की दगडांचा ढीग उरतो, पण ओकच्या चौकटीतल्या प्रत्येक लाकडाची जागा ठरलेली असते आणि ते तिथेच बसते.

घराकडे आपण खालून चढत येतो, त्यामुळे पहिली ओळख दर्शनी बाजूशी होते, आणि ती घाईने उरकू नये. वील्ड म्हणजे केंट आणि ससेक्समधला, एके काळी घनदाट ओक-जंगलाचा असलेला पट्टा. त्यावरूनच या घरप्रकाराला वील्डन घर म्हणतात. केंटमधल्या मेडस्टन शहराच्या आसपास अशी घरे सर्वांत दाट आढळतात. त्यांची रचना अशी असते : मधला भाग जमिनीपासून छपरापर्यंत मोकळा, आणि दोन्ही टोकांना दोन-दोन मजली खण. टोकांकडचे वरचे मजले खालच्या भिंतीच्या पुढे हातभर झुकलेले असतात. मधल्या भागाला वरचा मजलाच नसल्यामुळे तिथली भिंत मागे राहते, आणि छप्पर तर सगळ्या घरावर एकच, सरळ वळचणीचे असते. मग मधल्या मागे राहिलेल्या भिंतीसमोर वळचण अधांतरी येते, आणि तिला तोलण्यासाठी दोन्ही बाजूंच्या खांबांतून कमानीसारखी वाकलेली लाकडे पुढे काढलेली असतात. त्यामुळे मधोमध सावलीचा एक कोनाडा तयार होतो. या प्रकारचे घर दुरूनही ओळखू येते ते या सावलीमुळेच.

वरचा मजला पुढे का काढायचा, याची उत्तरे अनेक दिली जातात. पुढे आलेल्या टोकांवर भिंतीचे वजन पडले की आतल्या पाटणीच्या कड्या मधोमध कमी वाकतात, हे त्यातले एक. पावसाचे पाणी खालच्या भिंतीपासून दूर पडते, हे दुसरे. माझ्या मते मात्र या दोन्हींपेक्षा ऐपत दाखवण्याची हौस अधिक खरी असावी, कारण बे-लीफमध्ये पुढचा मजला जितक्या आवर्जून काढला आहे तितका तो मागच्या बाजूला काढलेला नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याने पाहावे यासाठीच तो आहे. १३४८-४९ च्या मोठ्या प्लेगनंतर इंग्लंडमध्ये माणसे कमी आणि जमीन मुबलक अशी स्थिती आली, मजुरीचे दर चढले, आणि ज्यांच्या हाती जमीन होती त्या कुळांना पुढच्या तीन-चार पिढ्यांत बरे दिवस आले. अशी घरे सरदारांनी बांधलेली नाहीत, ती या वर आलेल्या शेतकऱ्यांची आहेत.

बे-लीफ एका दमात बांधलेले नाही. लाकडातल्या वार्षिक वलयांवरून काढलेल्या काळानुसार मधला उंच भाग आणि त्याच्या एका टोकाचा खण १४०५ ते १४३० च्या दरम्यानचा आहे, तर दुसऱ्या टोकाचा, मालकाच्या खोल्यांचा खण त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, १५०५ ते १५१० च्या सुमारास आलेला आहे. आज समोरून जे जुळे आणि समतोल रूप दिसते, ते अशा रीतीने दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे काम आहे. नव्या सुताराने जुन्या चौकटीशी इतके जुळवून घेतले आहे की दर्शनी बाजू पाहताना शंकाही येत नाही. त्या काळच्या खेड्यातल्या कारागिराला घराचे रूप म्हणजे काय हे किती नेमके ठाऊक होते, याचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

आता चौकटीकडे वळतो, कारण खरे वास्तुशिल्प तिथे आहे. ओक वाळल्यावर दगडासारखा कठीण होतो, म्हणून तो ओला असतानाच घडवला जाई. अंगणात किंवा सुताराच्या आवारात चौकटीची एकेक बाजू जमिनीवर आडवी मांडून, प्रत्येक सांधा जुळवून पाहून, मग ती सगळी सोडवून गाडीने जागेवर नेली जाई आणि तिथे उभी केली जाई. कोणते लाकूड कुठले याचा घोटाळा होऊ नये म्हणून सुतार सांध्याच्या दोन्ही अंगांवर रोमन आकड्यांच्या रेघा कोरून ठेवी. लाकडी चौकटीच्या घरात अशा रेघा शोधत फिरणे हा मोठा आनंदाचा उद्योग आहे. बे-लीफच्या बाबतीत त्याला आणखी एक अर्थ आला आहे. विसाव्या शतकात घर उतरवताना पुन्हा प्रत्येक लाकडाची नोंद करावी लागली, म्हणजे पंधराव्या शतकातल्या सुताराने जे काम केले तेच पाचशे वर्षांनी दुसऱ्यांदा झाले.

सांधा बसवण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. एका लाकडाच्या टोकाला जिभेसारखा निमुळता भाग काढायचा, दुसऱ्यात त्या मापाची खाच पाडायची, आणि दोन्हींतून आरपार भोक पाडून ओकची खुंटी ठोकायची. यातली युक्ती अशी की दोन भोके मुद्दाम किंचित पुढेमागे ठेवली जातात. खुंटी ठोकताना ती वाकून जाते आणि जाता जाता सांधा आवळून घेते. ओकमधल्या आम्लामुळे लोखंडी खिळा गंजतो, लाकडी खुंटीला ते भय नाही. पुढे लाकूड वाळत जाते, पिळते, आक्रसते, तसा सांधा अधिकच घट्ट होत जातो. या घरात एकही रेघ गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नाही, तरी घर डळमळत नाही, त्याचे कारण हे आहे.

मला सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवले ते खांबांच्या माथ्यांनी. भिंतीतले मुख्य खांब वर जाताना रुंद होत जातात, खाली निमुळते आणि वर फुगीर. त्याचे कारण असे की खांब झाडाच्या वाढीच्या उलट, बुंधा वर करून उभे केलेले आहेत. बुंध्याचा पसरट भाग माथ्यावर आला की तिथे एकाच खांबात दोन वेगळ्या जिभा काढता येतात. एक भिंतीच्या लांबीने जाणाऱ्या पाटाला धरते, दुसरी घराच्या रुंदीने जाणाऱ्या तुळईला, आणि ती तुळई पुन्हा पाटावर कबुतराच्या शेपटीसारख्या खाचेने अडकते. तीन दिशांची तीन लाकडे एका मुठीत धरली जातात. छपराचा भार भिंती बाहेर लोटू पाहतो आणि ही मूठ त्यांना तसे करू देत नाही. या प्रदेशातल्या जुन्या चौकटींत हा सांधा पुन्हा पुन्हा आढळतो. खांबाच्या माथ्याकडे पाहून जुने घर ओळखावे असे अभ्यासक म्हणतात, ते का हे इथे उभे राहिल्यावर कळते.

दारातून आत गेले की आपण एका आडव्या वाटेत येतो. तिच्या दोन्ही टोकांना समोरासमोर दारे आहेत, एक पुढले आणि एक मागले. या वाटेच्या एका अंगाला दोन लहान खोल्या. एकीचे नाव बटरी, दुसरीचे पँट्री. पहिल्या शब्दाचा लोण्याशी काही संबंध नाही. तो फ्रेंचमधून आलेल्या पिंप-बुधल्याच्या शब्दापासून बनला आहे आणि तिथे बिअरसारखी पेये ठेवली जात. दुसरा शब्द पावासाठीच्या फ्रेंच शब्दातून आला. म्हणजे एक पेयांची खोली आणि एक भाकरीची. वाटेच्या दुसऱ्या अंगाला मात्र घर एकदम वर उघडते, आणि तिथे पाऊल टाकताच माणूस आपोआप मान वर करतो. हाच हॉल.

हॉल हा शब्द आपल्या घरांत बैठकीच्या खोलीसाठी रुळला आहे, आणि गंमत अशी की त्याच्या जुन्या अर्थाशी आपणच अधिक जवळ आहोत, कारण इंग्लंडमध्ये तो आक्रसत आक्रसत दारातल्या बोळापुरता उरला. बे-लीफचा हॉल दोन खणांचा आहे. खाली ठोकून घट्ट केलेली मातीची जमीन, मधोमध जाळाची जागा, आणि वर थेट कौलांपर्यंत काही नाही. वाटेकडचे टोक खालचे, समोरचे टोक वरचे. ही उतरंड जमिनीच्या उंचीची नव्हे, मानाची आहे. वरच्या टोकाला भिंतीला लागून बाक आणि त्यासमोर मेज, तिथे घरधनी तोंड दाराकडे करून बसे. नोकरचाकर खालच्या टोकाने येत-जात. मालकाच्या पाठीमागचे दार त्याच्या खासगी खोल्यांत उघडे. एका राजवाड्याच्या दरबारात जी मांडणी असते तीच इथे एका शेतकऱ्याच्या घरात आहे. बसण्याच्या जागेवरून कोण कुठला हे सांगणारे घर आणि आतून घट्ट बांधलेला समाज, या दोन गोष्टी एकच आहेत हे लक्षात आले की मग नुसते कौतुक करून भागत नाही. या खोलीत सगळ्यांनी एकत्र जेवायचे होते, पण सारखे बसायचे नव्हते.

छपराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडच्या वाचकाला त्यात एक धक्का आहे. आढे म्हणजे छपराचा कणा, त्याच्याशिवाय वासे टेकायचे कशाला, अशी आपली समजूत असते. या छपराला आढेच नाही. समोरासमोरचे दोन वासे वर एकमेकांत खाच करून खुंटीने जोडलेले आहेत आणि अशा जोड्या ओळीने उभ्या आहेत. प्रत्येक जोडीत मध्यावर एक आडवे लाकूड आहे. या आडव्या लाकडांच्या पोटाखालून घराच्या लांबीने एक लांब लाकूड जाते, आणि हॉलच्या मधोमध असलेल्या मोठ्या तुळईवर उभा केलेला एक आखूड खांब त्याला खालून तोलतो. याला इंग्रजीत क्राउन पोस्ट म्हणतात. त्याच्या माथ्यातून चार दिशांना वाकडे टेकू निघतात, झाडाच्या फांद्यांसारखे. वाशांच्या जोड्या पत्त्यांसारख्या एका बाजूला कलंडू नयेत, हे त्याचे काम. ते काम एखादे साधे ओबडधोबड लाकूडही करू शकले असते. पण ही तुळई हॉलच्या मोकळ्या जागेत सर्वांच्या डोळ्यांसमोर येते, म्हणून तिच्यावर सुताराने सगळे कसब ओतले. खालून मोठ्या कमानीदार टेकूंनी उचललेली तुळई आणि तिच्यावर तो खांब, हे या घराचे सर्वांत सुंदर दृश्य आहे. सजावट वेगळी चिकटवलेली नाही. ज्या लाकडाला भार सोसायचा आहे तेच देखणे केले आहे.

आणि मग धूर. मी गेलो त्या दिवशी हॉलमध्ये जाळ पेटवलेला होता. धुराडे नाही. जाळ जमिनीवर, धूर वर. पहिल्या काही मिनिटांत डोळे चुरचुरतात, मग ध्यानात येते की धूर डोक्याच्या बराच वर एक थर धरून राहतो आणि कौलांच्या फटींतून व छपराच्या टोकांशी ठेवलेल्या लहान त्रिकोणी मोकळ्या जागांतून हळूहळू बाहेर जातो. बाक आणि स्टुले बुटकी का, याचे उत्तर तिथे बसल्यावर मिळते : बसलेल्या माणसाच्या नाकाशी हवा स्वच्छ असते. हॉलची उंची केवळ भव्यतेसाठी नाही, धुराला जागा हवी म्हणून ती आहे. वरचा मजला हॉलवर येऊ शकत नाही तो याच कारणाने. घर दोन टोकांत विभागले गेले, दोन टोकांच्या वरच्या खोल्यांना एकमेकींत जायला वाट उरली नाही, दर्शनी भिंतीत तो सावलीचा कोनाडा आला, हे सगळे जमिनीवरच्या एका जाळामुळे घडले. बाहेरून पाहताना जी शैली वाटली होती ती आत आल्यावर गरज निघाली. वास्तुकलेविषयी मी पुष्कळ वाचले होते, पण एका कारणातून सगळे घर उलगडताना मी प्रथमच पाहिले.

धुराने आणखी एक काम करून ठेवले आहे. शतकानुशतके काजळी बसून अशा घरांची छपराची लाकडे काळी होतात. पुढे हॉलमध्ये पाटणी टाकली, खोल्या केल्या, भिंती गिलाव्याने झाकल्या, तरी पोटमाळ्यावर चढून बॅटरीच्या उजेडात काळे वासे दिसले की हे घर एके काळी मोकळ्या हॉलचे होते हे सिद्ध होते. आग्नेय इंग्लंडमधली कितीतरी घरे बाहेरून अठराव्या शतकातली दिसतात आणि त्यांच्या छपरात मात्र अशी काजळी सापडते.

खिडक्यांना काच नाही. उंच चौकटीत चौकोनी गज कोनावर उभे केलेले, आणि आतून लाकडी झडपा. इंग्रजीतला खिडकीचा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या 'वाऱ्याचा डोळा' अशा अर्थाच्या शब्दापासून आला आहे, आणि या खिडकीसमोर उभे राहिले की शब्द शब्दशः खरा असल्याचे पटते. वारा ज्या अंगाने येईल त्या अंगाच्या झडपा लावायच्या आणि दुसऱ्या अंगाच्या उघड्या ठेवायच्या, हाच उजेड आणि ऊब यांचा रोजचा हिशेब. मूळ गज शिल्लक राहिलेच पाहिजेत असे नसते, तरी खिडक्या होत्या तशा करता येतात, कारण चौकटीच्या आडव्या लाकडात गजांची शंकरपाळीच्या आकाराची भोके आणि झडपेची खाच राहून जाते. कुडाच्या भिंतीचेही तसेच. वरच्या लाकडाच्या पोटात भोके आणि खालच्या लाकडाच्या पाठीवर सलग खाच असेल, तर तिथे उभ्या काठ्या बसवून, हेझल या झुडपाच्या बारीक फोका विणून, माती, शेण आणि गवताचा लेप दिलेला कूड होता असे समजावे. भोकेच नसतील तर तिथे दार किंवा मोकळी वाट होती. जे नाहीसे झाले त्याचा आकार उरलेल्या लाकडात राहतो. बे-लीफ पाहणाऱ्याने निदान एक भिंत तरी अशा रीतीने वाचून पाहावी.

वरच्या खोल्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, पण मालकाच्या बाजूच्या माडीवरचा एक लहान दरवाजा चुकवू नये. तो भिंतीच्या बाहेर काढलेल्या संडासात उघडतो. अंथरुणाच्या खोलीला जोडून संडास ही त्या काळी मोठी सुखसोय होती, आणि १५०५ नंतरच्या पिढीने नवा खण कशासाठी बांधला याचा तो एक उलगडा आहे. त्यांना हॉलमधल्या गर्दीपासून आणि धुरापासून दूर, दार लावून घेता येईल अशी जागा हवी होती. सुमारे १५४० मधले घर कसे असेल या बेताने घरातले सामान मांडले आहे. ते नव्याने घडवलेले आहे, त्यामुळे बाकावर बसता येते, पेटी उघडता येते. घराला हात लावता येणे हा या भेटीतला मोठा लाभ आहे. दोरीपलीकडून पाहिलेला हॉल आणि मेजाशी बसून पाहिलेला हॉल यांत फार अंतर असते.

इथे एका वादाला तोंड द्यावे लागते. घर चिडिंगस्टोनला उभे होते तेव्हा ते आजच्यासारखे नव्हते. पुढच्या शतकांत अशा घरांत जे घडले ते बे-लीफमध्येही घडले होते : हॉलमध्ये पाटणी पडली होती, धुराडे आले होते. ते काढून घर सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या रूपात नेले गेले. कलावंत आणि लेखक विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली ती नेमकी अशा विचाराविरुद्ध. इमारतीवर प्रत्येक काळाने केलेले काम हा तिचाच इतिहास आहे, त्यातले एक पान निवडून बाकीची फाडू नयेत, अशी त्यांची भूमिका होती. मला ती तत्त्वतः मान्य आहे. ससेक्समध्येच ऑल्फ्रिस्टन येथे याच प्रकारचे, चौदाव्या शतकातले क्लर्जी हाऊस, म्हणजे पाद्र्याचे घर, आहे. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १८९६ मध्ये अवघ्या १० पौंडांना घेतलेली ही तिची पहिली इमारत, आणि ती आपल्या मूळ जागी आहे. जागेवर राहिलेल्या घराला जी मुळे असतात ती हलवलेल्या घराला नसतात. तरीही बे-लीफच्या बाबतीत माझे मत संग्रहालयाच्या बाजूने आहे. मूळ जागेवर पाणी येणार होते, तेव्हा जागेचा प्रश्न आधीच संपला होता. आणि नंतरची पाटणी ठेवली असती तर धुराने घडवलेला हॉल कोणालाच अनुभवता आला नसता. पाटणी पडलेली घरे आजही इंग्लंडमध्ये पुष्कळ आहेत, मोकळा हॉल मात्र अगदी थोड्या ठिकाणी उरला आहे. दुर्मिळ ते दाखवणे हा निर्णय मला योग्य वाटतो, मात्र तो निर्णय आहे, हे घर असेच सापडले नाही, हे पाहणाऱ्याने विसरू नये.

संग्रहालय आपले निष्कर्ष पुन्हा तपासते याचे उत्तम उदाहरण बे-लीफपासून थोड्या अंतरावर आहे. त्याच जलाशयाच्या परिसरातून आलेले विंकहर्स्ट हे इथे सर्वांत आधी उभे राहिलेल्या इमारतींपैकी एक. सुरुवातीला ते लहानसे स्वतंत्र घर समजले जात होते. पुढे लाकडांचा अभ्यास झाल्यावर ते एका मोठ्या घराला जोडलेले स्वयंपाकघर होते असे ठरले. मग ते पुन्हा उतरवून दुसऱ्या जागी स्वयंपाकघर म्हणून उभे केले, आणि आज तिथे ट्यूडर राजांच्या काळातला, म्हणजे मुख्यतः सोळाव्या शतकातला, स्वयंपाक प्रत्यक्ष रांधून दाखवतात. चूक उमगल्यावर अख्खी इमारत हलवणाऱ्या संस्थेविषयी आदर वाटतो. बे-लीफच्या अंगणात उभे केलेले काऊफोल्ड येथील धान्याचे कोठार, परसातली भाजी आणि फळबाग यांच्यामुळे घर शेताचा भाग म्हणून दिसते, नुसती वास्तू म्हणून नाही.

बे-लीफ पाहून लगेच परत फिरू नये. त्याच आवारात पॉप्लर कॉटेज आहे, सतराव्या शतकातले, गवताने शाकारलेले लहान घर. तिथे जाळ घराच्या मध्यातून टोकाच्या एका अरुंद खणात गेला आहे. तेवढाच खण छपरापर्यंत मोकळा आणि बाकी घरावर माडी. धुराला अजूनही वीटकामाची नळी मिळालेली नाही, पण त्याचा वावर एका कोपऱ्यापुरता बांधून टाकला आहे. त्यानंतर पेंडीन पाहावे. हे मिडहर्स्टजवळचे शेतकऱ्याचे घर, १६०९ मधले, तिथल्या वाळूच्या खाणीमुळे हलवावे लागले. त्याच्या पोटात विटांचे भक्कम धुराडे उभे आहे, त्याच्या अंगाला चुली, आणि घर सगळीकडे दुमजली. तरी त्याच्या खिडक्यांना अजून काचा नाहीत. सुधारणा सगळ्या बाजूंनी एकदम येत नाहीत, हे त्यावरून दिसते : धुराची सोय आधी झाली, वाऱ्याची मागाहून. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचे पाद्री विल्यम हॅरिसन यांनी १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या वर्णनात नोंदवले आहे की गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत झालेला जो बदल सर्वांत विलक्षण वाटे त्यात अलीकडे उभी राहिलेली असंख्य धुराडी होती. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये १५७० ते १६४० या काळाला ग्रामीण इंग्लंडच्या मोठ्या पुनर्बांधणीचा काळ म्हटले. नंतरच्या अभ्यासकांनी हा काळ प्रदेशाप्रदेशांत वेगळा आणि अधिक लांबलेला असल्याचे दाखवले आहे, पण बे-लीफ आणि पेंडीन एकाच दुपारी पाहिल्यावर बदलाची दिशा कोणालाही सांगावी लागत नाही.

भेटीसाठी पूर्ण दिवस ठेवावा. आवार उताराचे आहे आणि घरे एकमेकांपासून दूर आहेत. दारे बुटकी, जिने उभे आणि आत उजेड थोडा, म्हणून वयस्कर मंडळींनी माडीवर जाताना सोबत घ्यावी. थंडीच्या दिवसांत गेल्यास घरांतही कोट काढू नये, काच नसलेल्या घरात राहणे म्हणजे काय ते त्यावरूनच कळते. शक्य असल्यास ऊन तिरपे असताना बे-लीफच्या हॉलमध्ये असावे, गजांतून आलेले पट्टे धुरात स्पष्ट दिसतात. वेळ उरला तर आवारातला ग्रिडशेल पाहावा. वास्तुविशारद एडवर्ड कलिनन यांच्या कार्यालयाने आखलेली आणि २००२ मध्ये पुरी झालेली ही कार्यशाळेची इमारत ओल्या ओकच्या पातळ पट्ट्या वाकवून उभी केली आहे. ओक ओला असतानाच घडवावा हे बे-लीफच्या सुताराला ठाऊक असलेले तत्त्व तिथे अगदी वेगळ्या आकारात पुन्हा भेटते.

माझी शिफारस मात्र क्रमाची आहे. आधी बे-लीफ, मग पॉप्लर, शेवटी पेंडीन, आणि पेंडीनमध्ये माडीवर जाऊन धुराड्याच्या विटांना हात लावून उभे राहावे. ज्या उंचीवर बे-लीफमध्ये धुराचा थर तरंगत होता, त्या उंचीवर इथे पायांखाली फळ्या आहेत आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत खाली न उतरता जाता येते. मी पेंडीनहून निघालो आणि पुन्हा चढण चढून बे-लीफच्या हॉलमध्ये येऊन बसलो, तेव्हा जाळ विझत आला होता आणि मोठी तुळई अंधारात अर्धीच दिसत होती.